डीव्ही लॉटरी, त्रिनिदादचा नवरा आणि सीएक्ससीचे तीन विषय: शिक्षणाची अट नक्की कोणाला?

सूनबाई_चगुआनास (ऑक्टोबर 2024)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. आधी चर्चा झाली असेल तर लिंक द्या, मी शोधलं पण ग्रीन कार्डाच्या धाग्यांवर सगळीकडे एच वन आणि ईबी टू चंच रडगाणं चाललंय.

मी मूळची सांगलीची, आता त्रिनिदादला, चगुआनासजवळ. नवरा इथलाच, म्हणजे त्याचे पूर्वज बिहारकडून उसाच्या मळ्यावर आले ती मंडळी, भोजपुरी आता आजेसासूबाईंच्या गाण्यांपुरती उरलीये, घरात इंग्रजीच. आमची ओळख क्रूझवर झाली, मी गेस्ट सर्व्हिसेसला होते आणि तो इलेक्ट्रिकलला. आता तो पॉइंट लिसासला एका कॉन्ट्रॅक्टरकडे आहे, काम आहे पण 2018 ला पॉइंट-अ-पिएरची रिफायनरी बंद पडल्यापासून या पट्ट्यात कोणालाच नोकरीचा भरवसा वाटत नाही, त्यात त्याची मोठी बहीण न्यूयॉर्कला, ती दर वर्षी ऑक्टोबर उजाडला की फोन करून डीव्हीचा, म्हणजे अमेरिकेच्या ग्रीन कार्ड लॉटरीचा, फॉर्म भरा म्हणून मागे लागते.

आता मुद्दा. नवऱ्याने फॉर्म 5 पर्यंत (इथल्या माध्यमिक शाळेचं पाचवं वर्ष) शाळा पूर्ण केली, सीएक्ससीला, म्हणजे त्यानंतरच्या बोर्डाच्या परीक्षेला बसला, पण पास झाले तीनच विषय, इंग्लिश, सोशल स्टडीज आणि टेक्निकल ड्रॉइंग. गणितात ग्रेड 4 आली म्हणजे नापास. पुढे ट्रेड स्कूलला इलेक्ट्रिशियनचा कोर्स. इथला एक एजंट म्हणतो की अमेरिकेला पाच विषय लागतात, नाहीतर फॉर्म भरूच नका, पण तीन हजार टीटी (इथले डॉलर) दिलेत तर "मी बघतो काय ते". बघतो म्हणजे काय बघतो ते विचारलं तर नुसता हसला. नणंद म्हणते जीईडी, ती अमेरिकेची हायस्कूलच्या तोडीची परीक्षा, दे म्हणावं, चार महिन्यात होते. दीर म्हणतो इलेक्ट्रिशियनचा अनुभव आहे ना, तोच चालतो. तिघांची तीन मतं, आणि फॉर्म नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंद होतो.

मी स्वतः बी.कॉम. आहे पण माझा जन्म भारतातला, त्यामुळे माझा संबंधच नाही असं धरून चाललेय. कोणाला खात्रीशीर माहिती आहे का?

तिरकस

भारतीयांना डीव्ही नाही. विषय संपला.

मधुरा_झेड

@तिरकस अहो नवरा त्रिनिदादचा आहे, दुसरा परिच्छेद वाचा की.

वाचतेय, कारण माझी ऑफिसातली मैत्रीण जमैकाची आहे, ती पण हेच विचारत होती.

पॉइंटलिसासकर

नाव बघून कळलं असेल, माझा जन्मच त्रिनिदादच्या सान फर्नांडोचा. 1989 ला मित्तलांच्या इस्पातने पॉइंट लिसासचा सरकारी स्टील प्लांट चालवायला घेतला तेव्हा भारतातून बरेच इंजिनियर गेले, त्यात बाबा. मी लहान असतानाच आम्ही नाशिकला परत आलो, त्यामुळे माझं त्रिनिदाद म्हणजे फोटोतला समुद्र आणि आईच्या हातचे डबल्स, जे ती अजून रविवारी करते आणि बाबा त्याला छोले-पुरीच म्हणतात.

तर डीव्हीत नागरिकत्व बघत नाहीत, जन्म कुठे झाला ते बघतात. म्हणून मी भारतात वाढून, भारतात शिकून, त्रिनिदादच्या कोट्यात अर्ज केला आणि नंबर लागला. आणि शिक्षण कुठल्या देशात झालं याला काही बंधन नाही, माझी बारावी महाराष्ट्र बोर्डाची. मुलाखत भारतातच झाली, खिडकीतल्या बाईंनी जन्मदाखला दोनदा उलटून पाहिला, मग बारावीची मार्कशीट आणि बोर्डाचं सर्टिफिकेट मागितलं. इंजिनियरिंगची डिग्री मी पुढे सरकवली तर म्हणाल्या ही पण ठेवा, पण त्यांचं लक्ष बारावीवरच होतं. आपली दहा अधिक दोन त्यांच्या चौकटीत सरळ बसते. कॅरिबियनमधलं मात्र मला माहीत नाही, तिथे बारावी नावाचं काही नसतं ना?

@मधुरा, जमैकाला नाही. मागच्या पाच वर्षांत 50 हजारांहून जास्त लोक ज्या देशातून गेले ते देश बाद होतात, म्हणून भारत बाद आणि म्हणूनच जमैका, हैती, डोमिनिकन रिपब्लिक बाद. यंदाच्या, म्हणजे डीव्ही 2026 च्या, यादीत क्युबा पण बाद आहे. त्रिनिदाद, गयाना, बार्बाडोस, ग्रेनाडा, सेंट लुशिया वगैरे चालतात.

अण्णा_क्वीन्स

यात गमतीजमती पुष्कळ आहेत. बहामा बेटं डीव्हीच्या हिशोबात कॅरिबियनमध्ये नाहीत, ती उत्तर अमेरिका विभागात धरतात, आणि मेक्सिको, कॅनडा बाद असल्यामुळे त्या अख्ख्या विभागात बहामा एकटीच. मार्टिनिक आणि ग्वाडेलूप म्हणजे फ्रान्स. अरुबा, कुरासाव म्हणजे नेदरलँड्स. आणि ज्या वर्षी ब्रिटन बाद असतं त्या वर्षी मॉन्टसेराट, केमन हीपण बाद, मॉन्टसेराटचं अर्धं बेट ज्वालामुखीने गिळलं तरी नियम तो नियम.

मी न्यूयॉर्कच्या रिचमंड हिलला राहतो, लिबर्टी अव्हेन्यूच्या मागे, आजूबाजूला सगळं गयाना आणि त्रिनिदाद. सूनबाई, तुमच्या नणंदेला कोणी सांगितलंय ते मला बरोबर माहितीये. इथे प्रत्येक रोटी शॉपमध्ये एक तरी माणूस जीईडीचा सल्ला देत बसलेला असतो. तो सल्ला अमेरिकेत नोकरीसाठी ठीक आहे, डीव्हीसाठी शून्य.

नियमावली

मी वकील नाही, न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात कागद लावते, त्यामुळे खालचं सगळं त्या नजरेनं वाचा आणि शेवटी आपापल्या वकिलाला विचारा.

कायद्यात दोनच रस्ते आहेत. एक, किमान हायस्कूलपर्यंतचं शिक्षण किंवा त्याच्या तोडीचं. दोन, व्हिसाच्या अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षं असं काम, ज्या कामाला मुळात दोन वर्षांचं प्रशिक्षण किंवा अनुभव लागतो. दोन्हीपैकी एक असलं की पुरे, दोन्ही लागत नाहीत.

पहिल्या रस्त्याचा अर्थ नियमांत असा दिलाय की अमेरिकेत 12 वर्षांचा प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणक्रम यशस्वीपणे पूर्ण, किंवा दुसऱ्या देशात त्याच्या बरोबरीचा औपचारिक शिक्षणक्रम पूर्ण. आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की नुसती समकक्षता परीक्षा पास होणं पुरेसं नाही. म्हणजे जीईडी बाद, चार महिन्यात होवो की चार दिवसात. शाळेत बसून कोर्स पूर्ण केला का, हा प्रश्न आहे.

ट्रेड स्कूलचं सर्टिफिकेट पण इथे उपयोगी पडत नाही. ज्या व्यावसायिक कोर्सवरून पुढे कॉलेजात जाता येत नाही तो हायस्कूलच्या बरोबरीचा धरत नाहीत.

आणि पाच विषय हा आकडा नियमात कुठेही नाही. तीन नाही, पाच नाही, काहीच नाही. निर्णय मुलाखत घेणाऱ्या कॉन्सुलर ऑफिसरचा.

डेमेराराकाठी

पाचाचा आकडा कुठून येतो ते मी सांगतो. मी गयानात, जॉर्जटाउनला मेडिकल कॉलेजात शिकवतो, मूळ अकोला.

इथल्या लोकांच्या डोक्यात "पाच विषय, त्यात मॅथ्स आणि इंग्लिश" हे इतकं पक्कं बसलंय की त्याशिवाय शाळा झाली असं कोणी मानतच नाही. सरकारी क्लार्कची जाहिरात असो, नर्सिंगचा प्रवेश असो, युनिव्हर्सिटी असो, पहिली ओळ पाच सीएक्ससी. त्यामुळे एजंटने अमेरिकेच्या तोंडी तीच ओळ घातली. साहजिक आहे, आणि ऑफिसरसुद्धा याच देशांत बसून रोज हेच कागद बघतो, इथे शाळा यशस्वीपणे संपली असं कशाला म्हणतात ते त्याला ठाऊक असतं.

आता बारावी नाही, मग 12 वर्षं कुठून येतात? त्रिनिदादमध्ये आधी इन्फंट्स दोन वर्षं, मग स्टँडर्ड 1 ते 5, मग फॉर्म 1 ते 5. बेरीज करा, बरोबर 12. गयानात ग्रेड 1 ते 6 आणि पुढे 7 ते 11, त्याआधी नर्सरी दोन वर्षं वेगळी. त्यामुळे नुसती वर्षं मोजून भांडण मिटत नाही, "बरोबरीचं" आहे का हे बघतात, आणि ते दाखवायला हातात सीएक्ससीचा निकाल हाच कागद असतो. फॉर्म 5 नंतर फॉर्म 6 असतो, तिथे केप परीक्षा, ती झालेली असेल तर प्रश्नच उरत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीएक्ससी म्हणजे कॅरिबियन एक्झामिनेशन्स काउन्सिल, 1972 ला स्थापन झाली, मुख्यालय बार्बाडोसला, 1979 पासून शाळेच्या शेवटच्या परीक्षा घेते. त्याआधी लंडन-केंब्रिजच्या ओ लेव्हल. परीक्षेचं खरं नाव सीसेक पण लोक परीक्षेलाही सीएक्ससीच म्हणतात. ग्रेड 1 ते 6. आणि इथे एक बारीक खोच आहे जी पन्नाशीकडे झुकलेल्यांना लागू होते. 1998 पासून ग्रेड 1, 2, 3 पास धरतात. त्याआधी फक्त 1 आणि 2. माझ्या शेजाऱ्याकडे 1995 चा निकाल आहे, त्यात तीन ठिकाणी ग्रेड 3. आजच्या पोराकडे तोच कागद असता तर तो पास, शेजारी मात्र त्या काळच्या हिशोबात नापास. तो बिचारा तो कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवतो आणि अधूनमधून मला विचारतो की डॉक्टर, यांनी नियम बदलला तेव्हा माझा निकाल का नाही बदलला.

तिरकस

म्हणजे शाळेत हजेरी महत्त्वाची, डोकं नाही. छान.

अण्णा_क्वीन्स

जुन्या लोकांचं याहून अवघड आहे हो. इथे माझ्या बिल्डिंगमध्ये पेनालकडचे एक काका आहेत, ते मुलाकडे आलेत. त्यांच्या वेळी त्रिनिदादमध्ये कॉमन एन्ट्रन्स असायची, अकराव्या वर्षी, त्यात जागा मिळाली नाही की पोरगं प्राथमिक शाळेतच मागच्या बाकांवर राहायचं, चौदाव्या-पंधराव्या वर्षी स्कूल लीव्हिंगची परीक्षा आणि मग शेत किंवा टॅक्सी. काहींना ज्युनियर सेकंडरी मिळायची, सकाळची पाळी दुपारची पाळी असली, फक्त फॉर्म 3 पर्यंत, पुढे जायला पुन्हा परीक्षा. सगळ्यांना माध्यमिक शाळेत जागा हे तिथे 2000 ला आलं, 2001 पासून कॉमन एन्ट्रन्स जाऊन एसईए ही परीक्षा आली. त्यामुळे चाळिशीच्या पुढचा त्रिनिदादचा माणूस "मी शाळा संपवली" म्हणाला तर कुठली शाळा हे विचारावं लागतं. स्कूल लीव्हिंग सर्टिफिकेट या नावाला भुलू नका, ते प्राथमिकचं असतं, डीव्हीला चालत नाही.

सूनबाई_चगुआनास

बापरे, एका दिवसात इतके प्रतिसाद. सगळ्यांचे आभार.

नवऱ्याला रात्री जेवताना सगळं वाचून दाखवलं. तो फॉर्म 5 पर्यंत गेलाय, 2004 ची बॅच, म्हणजे वर्षं 12 भरतात. निकालाची स्लिप आहे, मूळ सर्टिफिकेट पुरात भिजलं, शाई पसरलीये. तो म्हणतो ही लॉटरी आहे की परीक्षा, एकदा काय ते ठरवा म्हणावं.

इलेक्ट्रिशियनचा अनुभव हा दुसरा रस्ता का नाही? तो तर अनेक वर्षं हेच करतोय, पॅनल वायरिंगपासून मोटर कंट्रोलपर्यंत, कंपनी पत्र पण देईल.

नियमावली

सर्टिफिकेटचं सोपं आहे, शिक्षण खात्यातून किंवा सीएक्ससीकडून प्रमाणित निकाल मागवता येतो, पैसे भरून. पण आत्ता, 2024 ला, फॉर्म भरताना काहीच जोडायचं नसतं, फक्त फोटो. फॉर्ममध्ये शिक्षणाचा एक रकाना असतो, यादीतून निवडायचा, फक्त प्राथमिक, थोडं हायस्कूल पण डिप्लोमा नाही, हायस्कूल डिप्लोमा, व्होकेशनल, पदवी असं करत डॉक्टरेटपर्यंत. कागद लागतात ते नंबर लागल्यावर, मुलाखतीला.

अनुभवाचा रस्ता वाटतो तितका रुंद नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याची ओनेट नावाची साइट आहे, तिथे प्रत्येक व्यवसायाला 1 ते 5 असा जॉब झोन दिलाय. डीव्हीला झोन 4 किंवा 5 लागतो, आणि तयारीचा जो एसव्हीपी आकडा असतो तो 7 किंवा वर. इलेक्ट्रिशियन झोन 3 मध्ये आहे. वेल्डर, हेड शेफ, पोलीस शिपाई सगळे 3 मध्ये. अकाउंटंट 4, शाळेतला शिक्षक 4, कन्स्ट्रक्शन मॅनेजर 4. म्हणजे ज्या कामाला बहुतेक डिग्री लागते तेच या रस्त्याने जातं, आणि डिग्रीवाल्याला या रस्त्याची गरजच नसते.

पगारपत्रकावर पदाचं नाव काय आहे त्यापेक्षा काम काय करतो ते महत्त्वाचं, पण म्हणून इलेक्ट्रिशियनला कागदावर इंजिनियर करायला जाऊ नका. ऑफिसर कंपनीत फोन करू शकतो, आणि खोटं सापडलं तर पुढचे सगळेच व्हिसे गेले, अगदी नणंदेकडे बारशाला जायचा टूरिस्ट पण.

तिरकस

माझा आक्षेप नोंदवून ठेवा. मोटर कंट्रोल पॅनल जोडणारा माणूस "अकुशल" आणि बारावीला पस्तीस टक्के मिळवून घरी बसलेला "पात्र". अमेरिकेत आज इलेक्ट्रिशियन मिळत नाहीत म्हणून बोंब आहे, माझ्या ह्यूस्टनच्या भावाने एक सॉकेट बदलायला किती दिले ते ऐकाल तर डोळे पांढरे होतील.

अण्णा_क्वीन्स

आक्षेप मान्य, पण हे कलम 1990 च्या कायद्यातलं आहे, कौशल्य मोजायला केलेलंच नव्हतं. तेव्हा डोक्यात होते आयरिश लोक. 1992 ते 94 ची जी तात्पुरती योजना होती तिच्यात तर 40 टक्के व्हिसे आयर्लंडला राखीव ठेवले होते. 1995 पासून आत्ताची पद्धत सुरू झाली. शाळा पुरी केलेला आयरिश पोरगा आरामात बसेल इतकी अट ठेवली. पेनालचा ऊसवाला, डेमेराराचा भातवाला यांचा विचार करायला त्या खोलीत कोण होतं?

डेमेराराकाठी

बरोबर. आणि अजून एक गट मधेच लटकतो, तो म्हणजे शाळा फॉर्म 3 ला सोडून पुढे पंचविसाव्या वर्षी संध्याकाळचे क्लास लावून, प्रायव्हेट कॅन्डिडेट म्हणून सीएक्ससीचे सहा-सात विषय काढलेले लोक. इथे अशा माणसाला फार मान असतो, आणि योग्यच आहे, दिवसभर राईस मिलमध्ये पोती उचलून रात्री बीजगणित. माझ्या लॅबमधला एक असिस्टंट असाच आहे. पण वर नियमावली ताईंनी लिहिलेलं वाचलं तर अडचण लक्षात येते, परीक्षा आहे पण औपचारिक शाळेचा कोर्स पूर्ण नाही. आणि उलट बाजूला सूनबाईंचा नवरा, कोर्स पूर्ण पण विषय तीनच.

नियमावली

हो, आणि सूनबाई, स्पष्टच सांगते. नियमात "यशस्वीपणे पूर्ण" आहे, नुसतं पूर्ण नाही. फॉर्म 5 झालाय हे तुमच्या बाजूचं, गणितासकट बाकीचं राहिलंय हे विरुद्ध. मी त्यांच्या जागी असते तर नवऱ्याच्या शिक्षणावर अख्खी केस उभी केली नसती. मुलाखतीला माणशी 330 डॉलर भरायचे असतात आणि नाही म्हणाले तर ते परत मिळत नाहीत, मेडिकलचे वेगळे.

पण तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये एक वाक्य लिहिलंय की तुमचा संबंधच नाही. तुमचा बी.कॉम. कुठला, रेग्युलर ना?

सूनबाई_चगुआनास

हो हो, रेग्युलर, सांगलीतच, बारावी पण कॉमर्सच. का?

नियमावली

मग तुम्ही अर्ज करा. नवऱ्याने नाही, तुम्ही.

स्वतःचा जन्म बाद देशातला असला तरी नवऱ्याच्या किंवा बायकोच्या जन्मदेशावर दावा करता येतो. फॉर्ममध्ये जन्मदेश भारतच लिहायचा, पुढचा प्रश्न येतो की पात्रता तुमच्या जन्मदेशावरून मागताय का, तिथे नाही म्हणायचं आणि त्रिनिदाद अँड टोबॅगो निवडायचं. अटी अशा की लग्न अर्जाच्या आधी झालेलं असावं, नवऱ्याचं नाव अर्जात असावं, दोघांनाही व्हिसा मिळावा आणि अमेरिकेत पहिल्यांदा दोघांनी एकत्रच शिरावं. तुम्ही आधी जाऊन घर बघते आणि तो मागून येतो असं चालत नाही.

आणि शिक्षणाची अट फक्त मुख्य अर्जदाराला असते. सोबत येणाऱ्या जोडीदाराला नाही, मुलांना नाही. म्हणजे जन्म त्याचा, बारावी तुमची. त्याच्या गणिताच्या ग्रेडशी कोणाला काही देणंघेणं उरत नाही.

मधुरा_झेड

अरे वा!! हे मला खरंच माहीत नव्हतं.

पॉइंटलिसासकर

भारी. माझी बायको नागपूरची, ती माझ्या मागून डिपेंडंट म्हणून आली, तिचे कुठलेच कागद बघितले नाहीत शिक्षणाचे, आता लक्षात आलं का ते.

तिरकस

मग दोघांनी दोन फॉर्म भरावेत की. एकात ती मुख्य, एकात तो मुख्य.

नियमावली

@तिरकस भरता येतात. प्रत्येकी एकच अर्ज हा नियम आहे, पण नवरा-बायकोनं आपापला वेगळा भरून एकमेकांना त्यात जोडीदार म्हणून दाखवायला हरकत नाही. संधी दुप्पट. फक्त नवऱ्याच्या नावावर लागली तर तो शिक्षणाचा प्रश्न आहेच, म्हणून खरा भरवसा सूनबाईंच्या अर्जावर.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. डीव्ही 2025 ला जवळपास 2 कोटी अर्ज आले, त्यातले साधारण 1 लाख 31 हजार निवडले, घरचे धरून, आणि प्रत्यक्ष व्हिसे 55 हजारांच्या आतच. म्हणजे निवड झाली तरी केस नंबर मोठा असेल तर पाळी येईपर्यंत 30 सप्टेंबर उजाडतो आणि त्या दिवशी दुकान बंद, पुढच्या वर्षी ढकलत नाहीत.

अण्णा_क्वीन्स

आणि त्या एजंटाला तीन हजार टीटी देऊ नका हो. यंदा, 2024 ला, फॉर्म फुकट आहे, सरकारच्या एकाच साइटवर, शेवटी डॉट गव्ह असतं तीच. या लोकांची पद्धत सांगतो, फॉर्म तुमच्या नावाने भरतात पण कन्फर्मेशन नंबर स्वतःकडे ठेवतात. मे महिन्यात निकाल लागतो तो त्या नंबरवरच दिसतो, पत्र नाही की ईमेल नाही. नंबर लागला की मग हा माणूस तुमच्या दारात उभा, आता पाच हजार डॉलर काढा नाहीतर नंबर देत नाही. कोणाकोणाला तर अनोळखी बाईशी कागदोपत्री लग्न लावायला लावतात, तिलाही न्यायचंय म्हणून. आणि त्याने तुमच्या नकळत आधीच एक फॉर्म भरला असेल आणि तुम्ही दुसरा भरलात तर दोन्ही बाद. म्हणून आधी त्याला स्पष्ट विचारा की नाव, जन्मतारीख, फोटो असलं काही घेऊन भरून तर नाही ना बसलास.

सूनबाई_चगुआनास

त्याच्याकडे फोटो दिलेला नाही, नुसतं बोलणं झालं होतं. नवरा आजच जाऊन सांगून आला, तर तो म्हणाला बायका इंटरनेटवर काहीही वाचतात. असू दे.

दोन्ही फॉर्म या शनिवारी भरायला बसतोय. फोटोचं कळलं, पांढरी भिंत, चष्मा काढून, 600 बाय 600. एकच अडलंय. नवऱ्याला पहिल्या लग्नाची मुलगी आहे, 14 वर्षांची, ती तिच्या आईकडे टोबॅगोला असते, सुट्टीत येते. तिला न्यायचा प्रश्नच नाही, तिची आई देणार नाही आणि तिला स्वतःला पण यायचं नाही. तिचं नाव नाही घातलं तर चालेल ना? तिच्या आईला कळलं तर उगाच घरात वादळ.

नियमावली

नाही चालणार. दोन्ही फॉर्ममध्ये घाला, तुमच्या फॉर्ममध्ये सावत्र मुलगी म्हणून, फोटोसकट. 21 च्या आतली, लग्न न झालेली सगळी मुलं लिहावीच लागतात, सोबत राहत नसली तरी, येणार नसली तरी. सूट फक्त अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या मुलांना. मुलीचं नाव गाळलं आणि मुलाखतीत निघालं तर मुख्य अर्जदारच बाद, म्हणजे सगळेच. शिक्षणाच्या कागदांपेक्षा याच्यावर जास्त केसेस पडलेल्या आमच्या ऑफिसात येतात.

नाव लिहिलं म्हणजे ती येणारच असं काही होत नाही, तिच्यासाठी व्हिसा मागायचा की नाही ते पुढे ठरवता येतं. पण फोटो नवा लागतो, सहा महिन्यांच्या आतला, गेल्या वर्षीचा शाळेचा चालत नाही. त्यासाठी तिच्या आईशी बोलावं लागेलच.

सूनबाई_चगुआनास

बरं. मग शनिवार नाही, पुढचा रविवार. नवरा शुक्रवारच्या फेरीने टोबॅगोला जातोय, म्हणतो फोनवर सांगण्यासारखं नाहीये हे. मी माझ्या मार्कशीटा सांगलीहून मागवल्यात, आई म्हणतेय मूळ प्रत कुरियरने पाठवणार नाही, कोणी येणारं असेल तर त्याच्या हातीच देईन. मे च्या आत पोर्ट ऑफ स्पेनला येणारं कोणी असेल तर व्यनि करा.